दाणा भाजताना

चुलीवर काही ठेवलं असेल तर आधी गॅस बारीक करा, दुधाकडे एकदा बघून या आणि मग निवांत बसा. आज मी तुमच्याशी शेंगदाण्याबद्दल बोलणार आहे.

तुम्ही म्हणाल, दाणे भाजायला कुणी शिकवायचं असतं का? लहानपणापासून भाजतोय. खिचडीला कूट, भाजीला कूट, संक्रांतीला शेंगापोळी. दाणा भाजला नाही असा आठवडा आपल्या घरात जात नाही. मलाही तसंच वाटायचं. मी शुक्रवार पेठेत राहते, बचत गटांचं समन्वयाचं काम करते आणि आमचा दहा जणींचा गट शेंगा चटणी करून विकतो. एका पावसाळ्यात आम्हाला कळलं की दाण्याबद्दल आम्हाला अर्धंच माहीत होतं. उरलेलं अर्धं शिकायला साडेचार हजार रुपये मोजावे लागले. तुम्हाला ते मोजावे लागू नयेत, म्हणून हे बोलणं.

सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, संक्रांतीचा सिद्धेश्वरांचा गड्डा आठवतो आणि कडक भाकरीबरोबर शेंगा चटणी आठवते. आमच्या पेठेत मराठी, कानडी, तेलुगू तिन्ही भाषा बोलतात. कुणी शेंगा म्हणतं, कुणी पल्ली म्हणतं, पण ही चटणी घरोघरी असते. तिच्यात असतं तरी काय? दाणे, लसूण, लाल तिखट, जिरे, मीठ. पाचच जिन्नस. त्यामुळे लपवायला जागा नाही. दाणा कच्चा राहिला तर चटणी पिठूळ लागते, करपला तर कडू लागते, आणि दाणाच मुळात खराब असेल तर वरून कितीही लसूण घाला, उपयोग नाही.

आता ती गोष्ट सांगते. तीन वर्षं झाली. श्रावण चालू होता आणि पुढे गणपतीच्या ऑर्डरी होत्या. चांगला दाणा तेव्हा १३० रुपये किलो होता. एका ठिकाणी आम्हाला ११२ रुपयांनी मिळाला. किलोमागे १८ रुपये सुटले म्हणून आम्ही खूश. पंचवीस किलोचं पोतं रिक्षात घालून आणलं. पोतं सोडलं तेव्हाच थोडा कोंदट वास आला. आमच्या गटातल्या मावशी सगळ्यांत वयस्कर, त्यांनी मूठभर दाणे नाकाला लावले आणि म्हणाल्या, "हे दाणे ओले होते गं कधीतरी." आम्ही म्हटलं, पावसाळा आहे, वास येणारच. भाजलं की जाईल. तिखट-लसणात कुणाला कळतंय?

हे वाक्य मीच बोलले होते. म्हणून आज हे मीच सांगायला पाहिजे.

भाजले, कुटले, पाकिटं भरली. दोनशे ग्रॅमची सव्वाशेच्या वर पाकिटं झाली. सत्तरेक विकलीही गेली. चौथ्या दिवशी एका दुकानदारदादांचा निरोप आला, "ताई, गिऱ्हाईक परत आलंय. चटणी कडवट लागतेय." मी चव घेतली. कडवटपणा होता. करपल्याचा नव्हता, जिभेच्या मागे रेंगाळणारा, जुनाट असा कडवटपणा.

संध्याकाळी बैठक बसली. एक जण म्हणाली, चांगल्या चटणीत थोडी थोडी मिसळून संपवू. दुसरी म्हणाली, ते नको, उरलेले दाणे घाण्यावर देऊन तेल काढू. तिसरीच्या माहेरी म्हशी आहेत. ती म्हणाली, माणसाला नको तर जनावराला घालू, वाया तरी जाणार नाही. तिघींचंही बोलणं आपल्या संसाराच्या सवयीचंच होतं. अन्न टाकायचं नाही हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. पण त्या माहेरच्या म्हशीमुळेच आमचे डोळे उघडले. तिने भावाला फोन केला, भावाने गुरांच्या डॉक्टरांना विचारलं, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: बुरशी लागलेला दाणा किंवा पेंड म्हशीला घालाल तर त्यातलं विष दुधात उतरेल, आणि ते दूध तुमचीच पोरं पितील.

त्या विषाचं नाव अफ्लाटॉक्सिन. नाव अवघड आहे, पण गोष्ट सोपी आहे. दाण्याला ओल लागली आणि हवा उबदार असली की एक हिरवट-पिवळट बुरशी धरते. ती बुरशी हे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की नावाचे मोठे पक्षी, आपल्या कोंबड्यांसारखे पाळलेले, थोड्याच महिन्यांत लाखावर मेले. कुणाला कारण कळेना. शेवटी शोध लागला तो त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत. तिथून या विषाची ओळख जगाला झाली. हे विष यकृताला इजा करतं. थोडं थोडं करून वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं तर यकृताचा कर्करोगही होऊ शकतो.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं ऐका. भाजल्याने बुरशी मरते, पण तिने आधीच केलेलं विष पूर्ण जात नाही. आपली आच त्याला पुरत नाही. घाण्याच्या तेलातही त्याचा काही अंश उतरतो. म्हणजे मी जे म्हटलं होतं, "भाजलं की जाईल", ते साफ चूक होतं. वास जातो, विष राहतं.

मग आम्ही काय केलं? दुकानादुकानांत जाऊन पाकिटं परत आणली, पैसे परत दिले, आणि सगळा माल खोल खड्ड्यात पुरला. आमच्यातली एक जण त्या बैठकीत रडली. नुकसान दहा जणींत वाटलं तर प्रत्येकीच्या वाट्याला चारशे साठ रुपये येत होते. आमची बचत महिन्याला शंभर रुपये. म्हणजे साडेचार महिन्यांची बचत खड्ड्यात गेली, आणि तिला त्याच महिन्यात पोराची फी भरायची होती. तिला काय सांगणार? मावशीच म्हणाल्या, "पैसे परत मिळवू गं. गिऱ्हाइकाच्या पोटात गेलेलं परत आणता येत नाही." तिची फी त्या महिन्यात गटाने अंतर्गत कर्जातून भरली. साडेचारशे रुपये वाचवायला गेलो होतो, साडेचार हजार घालवून बसलो.

नंतर आम्ही चौकशी केली तेव्हा कळलं की शेंगा मशीनमध्ये फोडताना दाण्याचे दोन तुकडे होऊ नयेत म्हणून काही जण आधी शेंगांवर पाणी शिंपडतात. दाणा अख्खा निघतो, दिसायला छान दिसतो आणि वजनही भरतं. पण तो नीट वाळवला नाही आणि तसाच पोत्यात भरला की बुरशीला आमंत्रणच. तुमच्यापैकी कितीतरी जणी स्वतः भुईमूग लावता. म्हणून हात जोडून सांगते, शेंगा उपटल्यावर वेल उलटे करून ठेवा, शेंगा वर आणि पाला खाली, म्हणजे वारा लागतो. ओल्या शेंगांचा ढीग करू नका. वाळली की नाही हे बघायला शेंग कानाशी धरून हलवा. आतला दाणा खुळखुळ वाजला पाहिजे. फोडताना पाणी मारू नका. पोतं जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब.

आता स्वयंपाकघरात येऊ. पहिलं काम निवडण्याचं. दाणे पांढऱ्या कापडावर उजेडात पसरा. सुरकुतलेले, काळे पडलेले, किडलेले, कोंब आलेले, फिकट हिरवट किंवा राखाडी बुरशी दिसणारे दाणे बाजूला काढा. चार-पाच दाणे सोलून दोन फाकी करून आतही बघा, कारण बुरशी पुष्कळदा दोन फाकींच्या मधे लपलेली असते. खाताना एखादा दाणा कडू लागला तर गिळू नका, थुंकून टाका, चूळ भरा. लाज वाटायचं कारण नाही. नीट निवडल्याने धोका पुष्कळ कमी होतो. पण विष स्वतः डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पोत्यालाच कोंदट वास असेल तर निवडत बसू नका, पोतंच परत करा. निवडून काढलेले दाणे कोंबड्या-म्हशींना घालू नका. पुरून टाका.

दुसरं काम भाजण्याचं. जाड बुडाची लोखंडी कढई घ्या. एका वेळी अर्धा किलोच दाणे घाला. कढई भरून घेतले तर खालचे करपतात आणि वरचे कच्चे राहतात. आच मंद ठेवा आणि उलथनं थांबवू नका. पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं. त्या वेळात दाण्यातली ओल निघून जात असते. आच मोठी करायचा मोह तेव्हाच होतो, तो आवरा. मोठ्या आचेवर साल काळी पडते आणि आत दाणा पांढराच राहतो. मग चट् चट् असा आवाज सुरू होतो. खमंग वास येतो. साधारण पंधरा ते वीस मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा दाण्याला विचारा. दोन दाणे काढा, गार होऊ द्या, बोटांनी चोळा. साल सहज सुटली, फाक बदामी दिसली आणि दाताखाली कटकन मोडली की झालं. गरम दाणा नेहमी मऊच लागतो, म्हणून गार करूनच परीक्षा घ्या.

आणि कढईत ठेवून गॅस बंद करू नका. लोखंड तापलेलं असतं, त्यावर दाणे आणखी भाजत राहतात. अपेक्षित रंगाच्या थोडं आधीच परातीत काढा आणि पसरा.

भडभुंजे वाळूत भाजतात ते तुम्ही पाहिलं असेल. घरी तसं करायचं तर जाड मीठ वापरा. मीठ कढईत चांगलं तापवा, त्यात दाणे घाला, हलवत राहा, मग चाळणीने चाळून घ्या. मिठाची धग चहूबाजूंनी लागते, त्यामुळे दाणा सगळीकडून सारखा भाजला जातो आणि वेळही कमी लागतो. तेच मीठ भाजण्यासाठी पुन्हा पुन्हा चालतं. टरफलासकट शेंगा भाजायच्या तर हीच रीत, फक्त वेळ जास्त द्या.

तिसरं काम गार करणं आणि पाखडणं. दाणे पूर्ण गार झाल्याशिवाय कुटू नका आणि डब्यात तर मुळीच भरू नका. आतली वाफ झाकणाला लागते, पाणी होऊन खाली पडते, आणि आपण घालवलेली ओल परत येते. गार झाले की हाताने चोळून सुपात पाखडून घ्या. थोडी साल राहिली तरी चालते.

आता चटणी. भाजून सोललेल्या एक किलो दाण्याला सोललेला लसूण १०० ग्रॅम, लाल तिखट ५५ ते ६० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम, जिरे १५ ग्रॅम. हे आमच्या गटाचं प्रमाण. तुमच्या घरच्या तिखटाप्रमाणे कमी-जास्त करा. जिरे कोरडेच भाजून घ्या. लसणात पाणी असतं, म्हणून विकायच्या चटणीसाठी पाकळ्या ठेचून कढईत जरा परतून कोरड्या करतो, त्यामुळे चटणी टिकते. कुटायला उखळ असेल तर उत्तम. दाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं. उखळात घाव बसले की ते हळूहळू सुटतं आणि चटणी ओलसर, तांबूस, मुठीत धरली की गोळा होणारी अशी होते. मिक्सर असेल तर सलग फिरवू नका. चालू-बंद, चालू-बंद करा, मधे चमच्याने हलवा. सलग फिरवलं तर भांडं तापतं आणि चटणीचं लोणी होतं. कांडप मशीनवर द्यायची असेल तर आपल्याआधी काय कुटलं ते विचारा. आधी गरम मसाला झाला असेल तर आपल्या चटणीला त्याचा वास लागतो.

भरायचे डबे कोरडे ठणठणीत हवेत. तेलाच्या पदार्थाला हवा, उजेड आणि ऊन ही तीन दुखणी. त्यांनी तो खवट होतो. म्हणून लहान पाकिटं, घट्ट बंद, सावलीत. लेबलवर जिन्नस, वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत खावी ती तारीख, गटाचा पत्ता आणि अन्न नोंदणीचा क्रमांक घाला. शेंगदाणे आहेत हेही ठळक लिहा, कारण काही माणसांना शेंगदाण्याची ॲलर्जी असते आणि ती जिवावर बेतू शकते. घरातलीही एक गोष्ट सांगते. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे दाणे देऊ नका. घशात किंवा श्वासनळीत अडकतात. कूट करून द्या, पोळीत घालून द्या.

आता हिशेब, कारण चव जमली आणि हिशेब चुकला तर गट बुडतो. दहा किलो कच्चा दाणा आणला तर निवडून ४०० ग्रॅम जातो. भाजून, सोलून हातात ८ किलो ८०० ग्रॅम उरतो. बाकीचे जिन्नस घालून, सांडलवंड जाऊन, दोनशे ग्रॅमची ५१ पाकिटं होतात. दाणे १३० रुपयांनी १३००, तिखट १५०, लसूण १६०, मीठ १०, जिरे ४०, गॅस ६०, कांडप १००, पाकिटं आणि लेबलं २०४. झाले २०२४ रुपये. पाकिटाला चाळीसच्या आत. आम्ही ५० रुपयांना विकायचो आणि दहा रुपये सुटतात म्हणून खूश व्हायचो. त्यात तीन जणींची अर्ध्या दिवसाची मजुरी, २०० प्रमाणे ६००, धरलेलीच नव्हती. ती धरली की होतात २६२४, म्हणजे पाकीट पडतं साडेएक्कावन्न रुपयांना. म्हणजे वर्षभर आम्ही प्रत्येक पाकिटामागे दीड रुपया पदरचा घालत होतो आणि त्याला धंदा म्हणत होतो. आपल्या हातांची मजुरी आपणच धरली नाही तर दुसरं कोण धरणार? तुमच्याकडचे आजचे भाव घालून हे एकदा वहीत मांडा. मग स्वस्त पोत्याचा मोह किती महाग पडतो तेही दिसेल.

त्या पावसाळ्यानंतर आम्ही तीन नियम केले. पोतं सोडून वास घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. निवडायला दोघी बसायच्या, एकीच्या नजरेतून सुटलेलं दुसरीला दिसतं. आणि प्रत्येक घाणीतली चटणी पाकिटात भरण्याआधी मावशींनी चाखायची. त्या "नाही" म्हणाल्या तर वाद नाही.

ते दुकानदारदादा आमच्याकडून पुन्हा चटणी घेतील असं मला वाटलं नव्हतं. दोन महिन्यांनी मी भीतभीतच गेले. ते म्हणाले, "ताई, खराब माल सगळेच कधी ना कधी देतात. परत न्यायला कुणी येत नाही. तुम्ही आलात." त्यांनी वीस पाकिटं ठेवून घेतली. आज दर महिन्याला नेतात. आणि जिने फीसाठी डोळ्यांत पाणी आणलं होतं ना, आमच्या दाण्याची खरेदी आता तिच्याकडे आहे. बाजारात ती पोत्यात हात खुपसून तळातले दाणे काढते, वास घेते, एक फोडून बघते. व्यापारी वैतागतात. ती म्हणते, "मी याचे पैसे एकदा भरलेत."

तर मैत्रिणींनो, उद्या दाणे भाजाल तेव्हा कढई तापायला ठेवण्याआधी मूठभर दाणे नाकाशी धरा. तुमच्या गटाचे भाजण्याचे, टिकवण्याचे काही अनुभव असतील तर केंद्राला जरूर कळवा, पुढच्या वेळी ते वाचून दाखवू. पुन्हा भेटूच. नमस्कार.